कलम अकरा साउथहॅम्प्टनात लागू नाही

१२ जुलै, शनिवार

मंडळाची मीटिंग. चहा पातळ, भांडण घट्ट.

लंडनला एजवेअरमध्ये बसणाऱ्या मराठी मंडळांच्या महासंघानं घटनेत नवीन कलम घुसडलं. कलम अकरा. इंग्लंडातल्या सगळ्या शाखांना लागू. ढोल-ताशा पथकाचा प्रमुख 'प्रमाणित' पाहिजे. परीक्षा एजवेअरला, कॉम्प्युटरवर, इंग्रजीत. नापास झाला तर गणपतीच्या मिरवणुकीत वाजवायचं नाही. मागं उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

परांजपे काकांनी वाचून दाखवलं. ते आमच्या साउथहॅम्प्टन शाखेचे अध्यक्ष. वाचून झाल्यावर सगळे माझ्याकडं बघायला लागले. जसं काय कलमात माझा फोटो छापलाय.

पथकाचा प्रमुख मी. शिक्षण नववी, तीही अर्धी.

घरी बायकोला, सुवर्णाला, म्हणजे सु.ला सांगितलं. हॉस्पिटलातली नर्सची ड्यूटी करून येऊन पाय वर करून पडली होती.

"मग दे की परीक्षा."

"तू दे माझ्या नावानं."

"म्हणजे ताशापण मीच वाजवू?"

मी चहा टाकायला उठलो.

१५ जुलै, मंगळवार

सु.च्या लॅपटॉपवर सरावाची परीक्षा दिली. पहिला प्रश्न तिनं मराठीत सांगितला : पथकातल्या एखाद्या सभासदाला तालामुळं वगळल्यासारखं वाटलं तर तुम्ही काय कराल? चार पर्याय. मी पाचवा शोधत होतो. त्याच्या हातात झांज देईन.

पुढं एक बाई स्क्रीनवर येऊन आवाजाबद्दल बोलली. आवाज हळू ठेवा म्हणे. ताशाचा!

नापास. स्क्रीनवर लाल फुली आली आणि खाली लिहून आलं, वेल डन फॉर ट्राइंग. नापास करून शाबासकी देणारे लोक मी आधी बघितले नव्हते. सिन्नरच्या शाळेत निदान छडी तरी सरळ यायची.

सु. हसली नाही. त्याचाच जास्त राग आला.

१९ जुलै, शनिवार

काकांनी बोलावलं. काकू शेंगदाणे भाजत होत्या, काका उड्या मारायचे बाकी. आयुष्यभर भूल देणारे डॉक्टर होते. मीटिंगमध्ये अजूनही लोकांना झोपवतात, पण आज त्यांचे स्वतःचेच डोळे टक्क उघडे.

त्यांचा धाकटा भाऊ अमेरिकेत. त्यानं फोनवर सांगितलेलं मला सांगितलं. तिकडं म्हणे काही राज्यं सरळ ठराव करतात, की वॉशिंग्टनचा अमुक कायदा आमच्या हद्दीत शून्य. रद्द. आम्ही ओळखत नाही. त्याला नलिफिकेशन म्हणतात.

मी म्हणलं, "मग वॉशिंग्टनचे पोलीस येत नाहीत?"

"येऊ देत ना. यांचे पोलीस त्यांना मदत करत नाहीत. पत्ता विचारला तरी सांगत नाहीत."

"आणि कोर्ट?"

"कोर्टाचं नंतर बघता येतं," काका म्हणाले आणि शेंगदाणे तोंडात टाकले.

काकू आतून : "अहो, कोर्टात ते हरतात असंही म्हणाले होते भावजी."

"तो तपशील आहे."

तर आता महासंघ म्हणजे वॉशिंग्टन आणि आपण राज्य. पुढच्या शनिवारी ठराव. काका मला म्हणाले, "अंकुश, हा तुझ्या एकट्याचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे." बरं वाटलं. पण तत्त्वाच्या गळ्यात ताशा नसतो.

२६ जुलै, शनिवार

ठराव पास. 'महासंघाच्या घटनेचे कलम अकरा साउथहॅम्प्टन शाखेच्या हद्दीत लागू नाही, कधीही नव्हते व यापुढे असणार नाही.' कधीही नव्हते हे काकांनी जोरासाठी घातलं.

केटी एकटीनं हात वर केला नाही. खरं नाव केतकी. इथंच जन्मलेली, वकिलीचं शिकते, ढोलाच्या डाव्या रांगेची प्रमुख. मराठी बोलते पण शब्दांचं लिंग बघून घेत नाही. म्हणाली, "काका, असा ठराव चालत नाही. सेंटरची कायदा वरची असते. पण तुम्ही त्यांना हेल्प नाही करायचा, एवढा मात्र चालतो. दॅट्स डिफरंट."

"म्हणजे?"

"अडवायचं नाही. फक्त मदत नाही करायची."

काकांनी ते वाक्य दोनदा म्हणून घेतलं. मंत्र मिळाल्यासारखं.

३० जुलै, बुधवार

काल भांडी घासायची पाळी माझी होती. सु.ला म्हणलं, या घरातला मंगळवारचा कायदा माझ्या हद्दीत शून्य.

ती शांत. "ठीक आहे. मी अडवत नाही."

आज सकाळी डबा नाही. गोदामाचा शर्ट धुतलेला नाही. गजर लावलेला नाही.

"सु., डबा?"

"मी विरोध नाही करत रे. फक्त मदत नाही करत."

केटीनं हिला कधी गाठलं कळत नाही. संध्याकाळी भांडी घासली. कालची पण.

३ ऑगस्ट, रविवार

शून्य सगळीकडं पसरलं. मंडळाच्या हॉलच्या स्वयंपाकघरात प्रत्येकीनं मोदक करायची पाळी काकांनी लावली होती, काकूंनी ती रद्द केली. "माझ्या ओट्याच्या हद्दीत तुमचा ठराव चालत नाही. मोदक मी आणि सुवर्णा करणार. बाकीच्यांनी खायला यावं." काका म्हणाले हे शाखेच्या शिस्तीला धरून नाही. काकू म्हणाल्या, "शाखेनं कुठली शिस्त पाळली?"

मी हसून हसून पडलो. माझ्या पथकात असलं काही चालायचं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

पार्कात सराव. माझ्या पथकात कायदा एकच : अनवाणी. मी लावलेला नाही, दादांचा, म्हणजे माझ्या वडलांचा आहे. सिन्नरला भर उन्हात डांबर चिकटायचं पायाला, तरी दादा ताशा गळ्यात घालायच्या आधी चपला काढून एका बाजूला जोडीनं ठेवायचे. म्हणायचे, देवापुढं उभं राहायचं तर जमिनीला कळलं पाहिजे कोण उभंय. त्यांचे चपलांचे जोड नेहमी झिजलेले. जमिनीला काय कळायचं ते कळत असेल.

केटी स्पोर्ट शूज घालून आली. मागोमाग तिची अख्खी डावी रांग.

म्हणलं, "काढ."

"नाही काढणार. इथं डॉग पू आहे. आम्ही व्होट केला. डाव्या रांगेत तुझा रूल नल आहे."

"पथकात मतदान नसतं!"

"का? तू करतोस, काका करतात. आम्ही पण स्टेट आहोत."

उजवी रांग अनवाणी, डावी बुटात. ताल मात्र एकच लागला, तेवढं खरं. पण माझं डोकं तालात नव्हतं. घरी येऊन सु.पुढं तासभर बडबड केली. नियम म्हणजे नियम, प्रत्येकानं आपापलं चालवलं तर पथक कसलं, अशानं घसरण होते, वगैरे.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "अगदी एजवेअरच्या सबनीस साहेबांसारखा बोलतोस. आवाजपण तसाच काढलास."

सबनीस म्हणजे महासंघाचे अध्यक्ष. कलम अकरा त्यांच्याच डोक्यातलं. जेवलो नाही. मग उठून जेवलो.

१२ ऑगस्ट, मंगळवार

हॉस्पिटल. लिहायची लाज वाटते पण वहीपुढं कसली लाज.

गोदामात उकाडा. पोलादी टोकाचे बूट घालायचा नियम. पाय उकडून निघतात. वरच्या मजल्यावर मी एकटाच, माल लावायला. म्हणलं हा मजला आपलं राज्य. डेव्हचा कायदा खालपर्यंतच. डेव्ह आमचा सुपरवायझर. बूट काढले.

टाइल्सचा खोका. उजव्या पायाचा अंगठा.

ओरडलो ते मराठीत. पण डेव्हला सगळं समजलं.

अंगठ्याच्या हाडाला बारीक चीर. सु. त्याच हॉस्पिटलात ड्यूटीवर, खाली बघायला आली. ड्रेसिंग बघितलं, माझ्याकडं बघितलं. लोकांपुढं ती मला अहो म्हणते. "अहो, बूट कुठे होते?"

"रद्द केले होते."

शेजारच्या ट्रॉलीवरची म्हातारी दचकली एवढी सु. हसली. मग एकदम डोळे पुसायला लागली. "अंगठ्यावर भागलं म्हणून. डोक्यावर पडला असता म्हणजे?" हे हळू म्हणाली.

दीड महिना जपायचं. उघड्या पायानं चालायचं नाही. विसर्जन सहा सप्टेंबरला आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

हलकं काम. खुर्चीवर बसून लेबलं चिकटवतो. डेव्ह येऊन म्हणाला, "युअर एलिफंट्स आर इन, मेट."

दरवर्षी पेणहून सगळ्या शाखांचे गणपती एकाच कंटेनरमधून येतात, साउथहॅम्प्टनच्या बंदरात. आमच्या गोदामात उतरतात. मग आमची पोरं गाडीनं वॉटफर्डला, एजवेअरला नेऊन देतात. मागच्या वर्षी मीच नेले होते. एजवेअरवाल्यांनी मला वडा दिला होता, बाहेर, पार्किंगमध्ये.

वॉटफर्डवाले आपापला घेऊन गेले. आमचा आणि एजवेअरचा, दोन पेट्या हॉलच्या मागच्या खोलीत आणून ठेवल्या. काका म्हणाले, एजवेअरची पेटी आपण पोचवणार नाही.

मी म्हणलं, "काका, गणपती अडवायचा? पाप लागंल."

"अडवतोय कुठे? दार उघडं आहे. त्यांनी यावं, न्यावा. आपण फक्त मदत करत नाही."

मला काय ते पटलं नाही. पण पाय वर करून बसलेल्या माणसाला कोण विचारतं.

२५ ऑगस्ट, सोमवार

बँक हॉलिडे. सबनीसांचा काकांना फोन, स्पीकरवर. आवाज गोड, म्हणजे भीतीदायक.

"परांजपे, व्हॅन मिळत नाहीये सुट्टीमुळे. तुमचा तो मुलगा आणून देईल ना? नेहमीचा?"

नेहमीचा! वडा खाणारा.

काका : "त्याच्या पायाला लागलंय. आणि तो प्रमाणित नाही."

तिकडं डायरीची पानं उलटल्याचा आवाज. मग, "बुधवारी मी स्वतः येतो. सकाळी."

काका फोन ठेवून नाचले. बुधवारी सकाळी चतुर्थी आहे, हे दोघांनाही माहीत होतं.

२७ ऑगस्ट, बुधवार. चतुर्थी

कसं लिहू. क्रमानं लिहितो.

सकाळी भटजी वॉटफर्डहून आले. त्यांच्या पुढं अजून तीन ठिकाणं. घाई घाई. काकूंचे हात मोदकांच्या पिठात. काका नवीन कुर्त्यात सगळ्यांना सूचना देत फिरत होते, म्हणजे काही करत नव्हते. मी खुर्चीवर. दोन पोरांनी मागच्या खोलीतनं पेटी आणली, जी दाराजवळ होती ती. फोडली. पेंढा काढला.

मोठा गणपती! डोक्यावर फेटा, हातात परशू, डोळे असे की आपण मागं बघावं, कोण आलंय म्हणून. दरवर्षी आमचा एवढासा, शाडूचा, टेबलावर मावणारा. हा तर चौरंगावर मावेना.

आता इथं एकानं तरी म्हणायला पाहिजे होतं, की हा आपला नाही. आम्ही काय म्हणलं?

काकू : "बाई गं! या वर्षी पेणवाल्यांनी मोठाच पाठवला."

काका : "त्यांच्या कानावर गेलं असेल आपलं. ठरावाचं."

सु. : "किती प्रसन्न आहे!"

मीपण म्हणलं, फेटा छान आहे. मोठा गणपती घरी आला तर कोण विचारतं रे तू कुणाचा. केटीनं फोटो काढले, म्हणाली, "हा खूप क्यूट आहे." तेवढ्यापुरतं तिचंसुद्धा लिंग बरोबर आलं.

भटजींनी प्राणप्रतिष्ठा केली. डोळ्यांना दर्भ लावला, मंत्र म्हणले, दक्षिणा घेतली, पळाले.

आरती चालू झाली आणि दारात सबनीस. कोट, घाम, हातात व्हॅनची किल्ली. त्यांनी मूर्तीकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघत होतो. चेहऱ्याचा रंग आधी गेला आणि मग नको तेवढा परत आला.

पण आरती चालू. मध्ये बोलणार कसं? टाळ्या वाजवायला लागले. आमच्या शाखेत एकापाठोपाठ सगळ्या आरत्या होतात, देवी, शंकर, विठ्ठल, दत्त, आणि काकांना तर आज आठवतील तेवढ्या म्हणायच्या होत्या. सबनीस प्रत्येक आरतीला टाळी देत होते आणि प्रत्येक टाळीला लाल होत होते. मंत्रपुष्पांजली झाली. फुलं वाहिली. प्रसाद घेतला, मोदक खाल्ला, अर्धा गिळला आणि म्हणाले,

"हा आमचा गणपती आहे."

हॉलमध्ये फक्त किटली वाजत होती.

मागच्या खोलीतली दुसरी पेटी फोडली. त्यात आमचा. छोटा. हसत होता बिचारा.

काका एकदम हळू : "मग हा उचलून... तो इथं ठेवून..." भटजींना फोन. ते ट्रेनमध्ये. स्पीकरवर भटजी म्हणाले, "प्राणप्रतिष्ठा झालीय. आता उत्तरपूजा होईपर्यंत मूर्ती जागची हलवायची नाही."

काका : "आपण ठराव करून..."

"परांजपे, हे महासंघाच्या घटनेत नाही. त्याच्या फार आधीचं आहे. तुमचा ठराव इथं चालत नाही."

सबनीस : "मग दीड दिवसानं उत्तरपूजा करा आणि आम्हाला द्या."

"करतो. पण मग तो निरोप घेतलेला गणपती. परत बसवणार? तुम्हीच सांगा."

सबनीस खाली बसले. कुणाच्या तरी लहान पोराच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. काकूंनी त्यांना पाणी दिलं, अजून एक मोदक दिला. तो त्यांनी खाल्ला. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची दया आली. घाबरलेले दिसत होते. एजवेअरला मोठा हॉल, मोठं मखर, नगरसेवक येणार, आणि यांच्या हातात काय?

शेवटी आमचा छोटा गणपती त्यांनी मांडीवर घेतला. व्हॅन हाकायला त्यांच्याबरोबर कोणी नव्हतं, म्हणून पट्टा लावून पुढच्या सीटवर बसवला. काकू सारख्या सांगत होत्या, "हळू घ्या वळणावर, त्याची सोंड नाजूक आहे." भटजी म्हणाले, आजच्या आज बसवा.

जाताना सबनीसांनी काच खाली केली. "विसर्जन कोण करणार आमच्या गणपतीचं?"

काका : "आम्ही."

"आम्ही," सबनीस म्हणाले. "आम्ही बस करून येऊ. आमची मूर्ती, आमचा कायदा. कलम अकरा."

काका : "मूर्ती तुमची असेल. रस्ता आमचा आहे."

केटी : "रस्ता कौन्सिलची आहे."

२८ ऑगस्ट, गुरुवार

एजवेअरचा फोटो आला. हत्ती मावेल एवढं मखर आणि मध्ये आमचा छोटा. मागच्या पडद्यावर कुणीतरी लिहिलंय, यंदा साधेपणा. सु. म्हणाली मोठ्या घरात दिलेल्या पोरीसारखा दिसतोय. काकू रडल्या.

३१ ऑगस्ट, रविवार

सबनीस साहेबांचा फोन. काकांना नाही, मला! नंबर कुठनं मिळाला तर सु.कडनं. ती म्हणते, "मागितला, दिला. मी काय अडवते का?"

म्हणाले, "अंकुश, आमची मंडळी तुमच्या गणपतीवर फार खूश आहेत. लहान आहे, पण प्रसन्न आहे. मी भांडायला फोन केला नाही." मग खाकरले. "आमचं पथक येणार. त्यांना गणवेश आहे. पांढरे बूट. तुमच्याकडे अनवाणी लागतं असं केतकी म्हणाली."

"हो. लागतं."

"तिनं तर बूट घातले."

"तो... तो डाव्या रांगेचा प्रश्न आहे."

"तुम्ही आमचे बूट चालवून घ्या. मी त्या दिवशी कलम अकरा बघत नाही. तू पुढं वाजव. बघू नंतर कार्यकारिणीत काय म्हणतात ते."

विचार करून सांगतो म्हणलं. कधी नव्हे ते कुणी माझ्या विचारासाठी थांबलं.

काकांना सांगितलं. काका भडकले. "बघत नाही म्हणजे काय? कलम आहे की नाही? ही मेहेरबानी झाली! आपला ठराव आहे, त्यांची परवानगी नको." काकांना जिंकायचंय. मला वाजवायचंय. दोन्ही एकच आहे असं मला जुलैत वाटत होतं.

३ सप्टेंबर, बुधवार

दादांना फोन. सगळं सांगितलं, अंगठा सोडून. म्हणलं, बूट घालून आलेल्याला रांगेत घ्यावं का?

मागं म्हशीचा आवाज. मग म्हणाले, "तिकडं जमीन कशी आहे?"

"डांबर. गार असतं."

"हं." म्हशीला हाकललं. मग म्हणाले, "तुझा पाय बरा आहे का?"

यांना कुणी सांगितलं? सु. आज तोंडावर उशी घेऊन झोपलीय.

५ सप्टेंबर, शुक्रवार

घरातल्या घरात ताशा गळ्यात घालून उभा राहिलो. उजवा पाय टेकवला. टाचेवर भार दिला तर दहा मिनिटं जातात. मिरवणूक दोन तास. बुटात अंगठा मावत नाही, सुजून बटाटा झालाय. मावतो फक्त सु.च्या हॉस्पिटलातल्या रबरी सपातांत. तिच्या मापापेक्षा मोठ्या आहेत, चुकून मागवलेल्या. गुलाबी.

सु. दारात उभी राहून बघत होती.

म्हणलं, "मी नियम मोडला तर केटीला काय तोंड दाखवू? सबनीसांचे बूट बंद आणि माझ्या सपाता चालू?"

"मी काही म्हणत नाहीये."

"तू नर्स आहेस. सांग ना, घालू का नको?"

"सांगितलं की तू रद्द करतोस." आत गेली. मग बाहेर आली, सपाता दाराजवळ ठेवल्या, जोडीनं, अगदी दादा ठेवायचे तशा. "सांगत नाहीये. नुसत्या ठेवतेय."

खरं सांगायचं तर मला इथं कुणी विचारत नाही. गोदामात मी लेबल. पार्टीत मी सुवर्णाचा नवरा. वर्षातनं एक दिवस मी पहिला हात टाकतो आणि मग बाकीचे पन्नास जण वाजवतात. डॉक्टर, इंजिनियर, वकिलीण. मी थांबलो की थांबतात. तो एक दिवस उद्या आहे.

सबनीसांना अजून हो-नाही कळवलेलं नाही. काकांना तर सांगितलंच नाही.

६ सप्टेंबर, शनिवार. विसर्जन

फोनवर लिहितोय, समुद्राजवळच्या कार पार्कच्या कठड्यावर बसून. वहीत नंतर उतरवीन.

ऊन आहे. ताशा उन्हात ठेवलाय, तापून ताठ झालाय, नखानं टिचकी मारली तरी बोलतो. सकाळी उत्तरपूजा झाली. मोठा गणपती ट्रॉलीवर, फेटा वाऱ्यात थोडा तिरका झालाय, काकू दोरीनं बांधतायत. कौन्सिलच्या दोन बायका पिवळ्या जाकिटात उभ्या. एकीनं मोदक घेतला.

माझ्या डाव्या पायात काही नाही. उजव्यात गुलाबी सपात.

अर्धा नियम. एवढंच जमलं. केटी आली, बघितलं. ती आज अनवाणी आहे! तिची रांगपण. म्हणाली, "तुझा डॅडने सांगितला म्हणे, लँडला कळला पाहिजे कोण उभा आहे. सुवर्णाताईने सांगितलं. ते मला आवडला." मग माझ्या सपातेकडं बघून ओठ दाबले.

काका आले. हातात ठरावाची प्रत, प्लास्टिकच्या कव्हरात, पाऊस आला तर म्हणून. माझ्याजवळ उभे राहिले. "अंकुश, तो आला आणि त्यानं प्रमाणपत्र मागितलं तर हे दाखव." मग खाली बघितलं. "आणि हे काय?"

"मेडिकल."

भूल देणाऱ्या डॉक्टरला मेडिकलवर बोलता येईना.

आता एजवेअरची बस आली. दार उघडलं. आधी आमचा छोटा गणपती, सबनीसांच्या मांडीवरनं त्यांच्या हातात. काकू धावल्या. अंगावर शाल, गळ्यात एवढा मोठा हार की सोंड दिसेना. नीट ठेवलंय त्याला.

मग सबनीस साहेब उतरले. कोट, टाय. पँट घोट्यापर्यंत दुमडलेली. पायात काही नाही.

त्यांच्यामागं त्यांचं पथक. पांढरे गणवेश, आणि पांढरे बूट प्रत्येकाच्या हातात, लेस एकमेकांना बांधून. कार पार्कच्या खडीवर पाय टाकायला लागले तसे आई गं, उई, करत. एक जण एका पायावर उडी मारतोय.

मी कळवलं नव्हतं ना. त्यांनी नाही असं धरलं.

सबनीस खडीवरनं कसेबसे माझ्यापर्यंत आले. घाम फुटलाय. माझ्याकडं बघितलं. मग खाली, माझ्या पायांकडं. डाव्याकडं. मग उजव्याकडं.

तिकडनं काका कागद घेऊन निघालेत. सु. मोदकांचा डबा खाली ठेवून इकडं बघतेय. केटीनं टिपरू उचललंय, पन्नास जण माझ्या हाताकडं बघतायत.

सबनीस अजून सपातेकडंच बघतायत. तोंड उघडतायत.

फोन खिशात ठेवतो. ताशा थंड व्हायच्या आत गळ्यात घातला पाहिजे.